तळ्याला दोन वाटा हव्यात

आमचे उंब्रज नदीकाठचे गाव. इथे तारळी नदी कृष्णेला मिळते. पूर्वी पोरगं सात-आठ वर्षांचं झालं, की बाप नाहीतर चुलता त्याला नदीवर न्यायचा. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचा. थोड्याच दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. त्यामुळे आमच्या इकडे पाण्याला कुणी फारसे भीत नाही.

पण आता पाणी फक्त नदीत राहिलेले नाही. ते माळावरही आले आहे. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. गावोगाव शेततळी झाली. कुणी ओढ्याला मातीचा बांध घालून आपले लहानसे तळे केले. हे फार चांगले झाले. पिकाला पाणी मिळाले, जनावरांना मिळाले. तळ्यात कटला, रोहू हे मासे सोडता येतात. सुट्टीत पोरे पोहतात. पाव्हणे आले तर संध्याकाळी काठावर चार घटका बसता येते. पाणी बघून माणसाला बरे वाटते. त्यात वावगे काहीच नाही.

पण मंडळी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. अडवलेल्या पाण्याला दोन वाटा लागतात. एक वाट पाण्याला बाहेर जायची. दुसरी वाट माणसाला बाहेर यायची. यातली एक जरी नसली, तरी तळे घात करते.

माणसाची वाट

आधी माणसाच्या वाटेचे बघू.

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा होता. नदी पोहून पलीकडे जायचा आणि परत यायचा. एका उन्हाळ्यात दुपारी तो घरच्याच शेततळ्यात एकटा उतरला. संध्याकाळी काठावर त्याचे कपडे सापडले. आम्ही तिथे गेलो, तेव्हा त्याचा बाप एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, “गुरुजी, त्याला पवाय येत हुतं की वो!”

खरेच होते ते. त्याला पोहता येत होते. त्याला बाहेर निघता आले नाही. तळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद होता. कागदावर शेवाळ होते. त्या शेवाळात बोटे ओढल्याच्या खुणा आम्ही डोळ्यांनी पाहिल्या.

नदीचा काठ उतरता असतो. पाय टेकतो, दगड हाताला लागतो, झाडाची मुळी धरता येते. शेततळ्यात यातले काही नसते. चारी बाजूंना गुळगुळीत उतार. ओला झाला की साबणासारखा. दहा फूट खोल पाण्यात माणूस किती वेळ हातपाय मारणार? शेवटी दमतो आणि खाली जातो.

म्हणून तळ्याच्या चारी बाजूंना जाड दोर बांधा. वर मजबूत खांब रोवा आणि त्याला दोराचे एक टोक बांधा. दुसरे टोक तळापर्यंत सोडा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारा, म्हणजे धरून चढता येईल. उन्हापावसाने दोर कुजतो, तेव्हा दरवर्षी ओढून बघा आणि खराब झाला तर बदला. तळ्याला तारेचे कुंपण घाला. त्याला फाटक करा आणि फाटक बंद ठेवा. लहान पोर पाण्यात पडते ते आवाज न करता. ओरडायला त्याला सवडच मिळत नाही.

पोहायचे तर हे नियम पाळा. एकट्याने उतरू नका. खोली माहीत नसताना वरून उडी मारू नका. दारू पिऊन पाण्यात जाऊ नका. पाण्यात मोटार सोडलेली असेल, तर आधी तिची वीज तोडा, मगच उतरा. वायर कुठे खरचटली असेल तर पाण्यात करंट येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

कुणी बुडताना दिसला, तर लगेच उडी टाकू नका. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. एकाला काढायला गेले आणि दोघे गेले, असे वरचेवर घडते. आधी ओरडून माणसे बोलवा. मग दोर टाका. दोर नसेल तर कासरा, धोतर, लुगडे, लांब बांबू, जे हाताला येईल ते टाका. तोंड घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅनसुद्धा माणसाला तरंगत ठेवतो.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नका. गरगर फिरवू नका. पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. एकाने १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. श्वास चालत नसेल, तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याच्या छातीत भरावा. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर ३० वेळा दाबावे. पुन्हा २ श्वास द्यावेत. गाडी येईपर्यंत हे थांबवू नये. आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून गावातल्या तरण्या पोरांनी हे एकदा हाताने करून शिकून घ्यावे.

पाण्याची वाट

आता दुसरी वाट, पाण्याची. ओढ्यावर मातीचा बांध घातला असेल, तर ही वाट फार महत्त्वाची.

पाणी दिसते मऊ, पण ते जड असते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा उतरत्या काठांच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्याचे वजन २,२०० टन. दहा टनी २२० ट्रक भरतील इतके. असे जड पाणी तुमच्या मातीच्या बांधाला रात्रंदिवस रेटत असते.

मातीचा बांध बहुधा दोन तऱ्हांनी फुटतो. पहिली तऱ्हा अशी, की मोठा पाऊस येतो आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. ते मागच्या बाजूची माती कापत सुटते. एकदा कापणी लागली, की बांध जायला वेळ लागत नाही. हे टाळण्यासाठी सांडवा असतो. सांडवा बांधाच्या कडेला, घट्ट मुरमात किंवा कातळात काढावा. पाणी बांधाच्या माथ्याच्या निदान दोन हात खाली असतानाच सांडव्यातून निघून गेले पाहिजे.

आणि इथेच आपला लोभ आड येतो. आणखी हातभर पाणी राहील म्हणून कुणी सांडव्यात मातीची पोती टाकतो. मासे जाऊ नयेत म्हणून कुणी बारीक जाळी लावतो. जाळीत पालापाचोळा अडकतो आणि सांडवा बंद होतो. हातभर पाण्यासाठी सगळे तळे आपण पणाला लावतो.

दुसरी तऱ्हा आतून पोखरण्याची. घुशी आणि खेकडे बिळे करतात. बांधावरच्या मोठ्या झाडाची मुळे कुजली, की तिथे पोकळ वाट राहते. पाणी त्या वाटेने झिरपते आणि जाताना माती घेऊन जाते. म्हणून बांधावर झाडे लावू नका, गवत राखा. सावलीची झाडे लांब लावा. पावसाळ्यात रोज बांधाच्या मागच्या पायथ्याशी जाऊन बघा. स्वच्छ पाणी थोडेसे पाझरत असेल, तर तिथे खूण करा आणि ते वाढते का, यावर नजर ठेवा. पाणी गढूळ येऊ लागले, तर समजा की बांध आतून खचतो आहे. बाहेरून चिखल लिंपून ते भागत नाही. मोटार लावून तळ्यातले पाणी कमी करा, खालच्या वस्तीला सावध करा आणि जाणत्या इंजिनिअरला बोलवा.

सह्याद्रीच्या पलीकडे चिपळूण तालुक्यात तिवरे गाव आहे. तिथले मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण गळते, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, असे नंतर एक मंत्री म्हणाले, आणि लोक फार चिडले. खेकडा भोक पाडतो, हे खरे. पण ते भोक बघायचे आणि बुजवायचे काम माणसाचे आहे.

तिवऱ्याचे धरण तुमच्या तळ्याहून पुष्कळ मोठे. पण माती तीच आणि पाणीही तेच. तुमच्या बांधाखाली कुणाची गोठ्यातली जनावरे असतील, कुणाची झोपडी असेल. कुणी म्हणेल, “तळं माझं, पाणी माझं, दुसऱ्याला काय त्याचं?” बांध आहे तोवर पाणी तुमचे. बांध फुटला की ते खालच्याच्या दारात जाते.

त्या मुलाच्या बापाने नंतर तळ्याला कुंपण घातले आणि चारी बाजूंना दोर सोडले. शेजाऱ्यांच्या तळ्यांवरही तो स्वतः जाऊन दोर बांधून आला. त्याने कुणाला उपदेश केला नाही. दोर बांधला आणि घरी गेला.

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक पत्रा घ्या, थोडा रंग घ्या आणि आपल्या हाताने तळ्यावर एक पाटी लिहा:

पाणी खोल आहे. एकट्याने उतरू नये. दोर इथे आहे.

आणि पाटी लावाल, तेव्हा दोर खरोखरच तिथे असू द्या.