बर्फ थांबल्यानंतरचा दिवस

‘ताई, बर्फ मिळेल ना?’ हिवाळी सहलीला नाव नोंदवताना हा प्रश्न ठरलेलाच. मी पुण्याहून मराठी पर्यटकांचे गट घेऊन काश्मीरला आणि कुलू-मनालीला जाते. सत्तरीच्या आजी पहिल्यांदा बर्फ मुठीत घेतात तेव्हा त्यांचा चेहरा बघत राहावा असा होतो, त्यामुळे या प्रश्नाचा मला कधी कंटाळा आला नाही. पण बर्फ पडून गेल्यावर काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या अनुभवात जिवावर बेतणारे प्रसंग त्यानंतरच्याच दिवसांत येतात. वर निळं आकाश असतं, लख्ख ऊन पडलेलं असतं आणि सगळ्यांना बाहेर पडायची घाई झालेली असते.

हे का होतं, ते समजून घ्यायला हवं. हिमालयातला हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांबरोबर. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेल्या या वादळी प्रणाली वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे पोहोचतात आणि डोंगरांना धडकून बर्फ टाकतात. बर्फ पडत असतो तेव्हा ढगांचं पांघरूण असतं, म्हणून थंडी बेताचीच असते. झंझावात पुढे सरकला की आकाश मोकळं होतं आणि जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते. डोंगरउतारांवरची गार हवा जड असल्याने घरंगळत दरीत उतरते आणि तळाशी साचून राहते. श्रीनगर सुमारे 1,585 मीटर उंचीवर आहे. एका बाजूला पीर पंजाल, दुसऱ्या बाजूला हिमालयाची मुख्य रांग. गार हवेला निसटायला वाट नाही. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या तोंडावरच श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला. डिसेंबरात एवढी थंडी तिथे पन्नास वर्षांत पडली नव्हती. आपल्या निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हा हिशेब माहीत आहे. झंझावात उत्तरेत सरकून गेला की इकडे थंडी उतरते आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

पहिला फटका बसतो तो रस्त्यावर. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळून पाणी डांबरावर पसरतं आणि सूर्य डोंगराआड गेला की गोठतं. हा ब्लॅक आइस. त्याला स्वतःचा रंग नसतो, खालचं डांबरच दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. पुलांवर, देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर तो भर दुपारीही टिकून असतो. एकदा टनमर्गच्या वरच्या वळणावर आमच्या चालकाने गाडी थांबवली, खाली उतरला आणि बुटाची टाच रस्त्यावर घासून बघितली. टाच सर्रकन पुढे गेली. त्याने डिकीतली माती दोन मुठी टाकली, चाकांच्या साखळ्या ओढून पुन्हा घट्ट केल्या आणि आम्हाला म्हणाला, ‘आप सब पैदल आइए, किनारे किनारे.’ गटातल्या एका काकांना ते फार जाचक वाटलं. मला नाही वाटलं. अशा रस्त्यावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी मात्र घसरत राहते. म्हणूनच मोठा बर्फ पडला की टनमर्गपासून गुलमर्गपर्यंत फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. स्थानिक टॅक्सीवाल्यांनी पैसे उकळायला काढलेली ही युक्ती नव्हे. साखळीच्या गाडीसाठी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता हिमस्खलन. बर्फाचे थर एकावर एक बसतात, पण सगळे एकमेकांना सारखे चिकटत नाहीत. कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतच्या थराचे दाणे खडीसाखरेसारखे सुटे होतात. त्यावर नव्या बर्फाची जड लादी येते, वारा आणखी बर्फ वाहून आणून टाकतो, आणि मग उन्हाने किंवा एका माणसाच्या वजनाने अख्खी लादी निखळते. हे घडतं ते मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर. त्याहून कमी उतारावर बर्फ टिकून राहतो, आणि फार खड्या कड्यावर तो मुळात साठतच नाही. दरीतून जाताना वर नजर टाका. घनदाट देवदारांमध्ये वरपासून खालपर्यंत एखादा उभा, उघडाबोडका पट्टा दिसला, तर ती हिमस्खलनाची जुनी वाट समजायची. झाडं तिथे उगाच नाहीशी होत नाहीत. त्या पट्ट्याखाली फोटोसाठी गाडी थांबवायची नाही.

फेब्रुवारी 2005 मध्ये दक्षिण काश्मीरमधलं वाल्टेंगू नार हे गाव अशाच बर्फाखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं दगावली. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथू-ला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते; पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत पोहोचले होते. दिवस एप्रिलचा, वेळ दुपारची. हिमस्खलन म्हणजे जानेवारीतल्या वादळी रात्रीची गोष्ट, अशी जी समजूत असते ती इथे पुरती कोलमडते. फेब्रुवारी 2025 मध्ये बद्रीनाथच्या पुढे माणा इथे 54 रस्ता कामगार बर्फाखाली अडकले. त्यातले 46 वाचले, आणि वाचण्यात त्यांच्या राहण्याच्या पोलादी कंटेनरांचा मोठा वाटा होता. गाडलेल्या माणसाच्या हातात फार थोडा वेळ असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. बचाव पथक कितीही तत्पर असलं तरी एवढ्या वेळात पोहोचणं अवघड. म्हणून हिमस्खलनापासून वाचायचा खरा उपाय एकच, तिथे नसणं. डीआरडीओची चंदीगड इथली डीजीआरई ही संस्था हिवाळाभर जिल्हावार आणि उंचीनुसार इशारे देते. मी रोज रात्री तो इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज वाचल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगत नाही. ‘अहो ताई, काल दिवसभर खोलीत बसलो, आता एवढं छान ऊन पडलंय,’ असं लोक कळवळून म्हणतात. ताज्या बर्फानंतरचा पहिला उन्हाचा दिवस डोंगरासाठी सर्वांत नाजूक असतो, हे मी त्यांना नकाशा काढून समजावते. बहुतेकांना पटतं.

मला सर्वांत जास्त भीती मात्र डोंगराची वाटत नाही, बंद खोलीची वाटते. 21 जानेवारी 2020 रोजी नेपाळमध्ये दमन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक मेले, त्यात चार मुलं होती. खोलीत गॅसचा हीटर होता, दारं-खिडक्या आतून घट्ट बंद. जानेवारी 2025 मध्ये श्रीनगरला एकाच कुटुंबातले पाच जण असेच गुदमरून गेले. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. पाहुण्यांना वाटतं, उंचीमुळे होतंय किंवा प्रवासाचा शीण आहे, आणि ते झोपून घेतात. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर शंका घेत बसायचं नाही, दार उघडून सगळ्यांनी बाहेर यायचं. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, ही काश्मिरी माणसाची हिवाळ्यातली सखी. फेरनच्या, म्हणजे घोळदार झग्याच्या, आत घेऊन तो दिवसभर वावरतो. पण झोपताना ती खोलीबाहेर गेली पाहिजे. खोलीत बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, असेल तर धुराडं मोकळं आहे ना, हे विचारा. आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. अंगावर आणखी एक रजाई घेता येते. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं गेली आहेत, तो हाच वायू.

गाडीतही हेच घडतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो गाड्या बर्फात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांतच मरण पावली. कडाक्याच्या थंडीबरोबर गाडीत साठलेला हा वायूही त्यामागे होता, असं तेव्हा सांगितलं गेलं. मागचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला की धूर आत शिरतो. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळ सोलंगला सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी सुमारे पाच हजार पर्यटकांना बाहेर काढलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर गाडी सोडून चालत सुटू नका. सायलेन्सरभोवतालचा बर्फ हाताने उकरा, इंजिन तासातून दहाच मिनिटं चालवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवा.

कपड्यांबद्दल एवढंच सांगते की भिजलेली जीन्स अंगावर ठेवू नका. हुडहुडी थांबून माणूस अडखळत बोलू लागला, तर थंडी कमी झाली असं समजू नका, ते शरीर हरत चालल्याचं लक्षण आहे. त्याला कोरडे कपडे द्या, उबेत घ्या, डॉक्टर गाठा. दारू अजिबात देऊ नका.

आणि सहल आखताना परतीच्या विमानाआधी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. श्रीनगरची विमानं बर्फात रद्द होतात, रामबन-बनिहालचा महामार्ग दरडींनी बंद पडतो. जून 2025 पासून कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने आणखी एक वाट मिळाली आहे, तरीही तो मोकळा दिवस हवाच. तो नसला की लोक चालकाला बंद रस्त्यावर गाडी घालायला लावतात. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळहातावर मावतो. थर्मल घ्यायला दुकानात जाल तेव्हा तोही घ्या, आणि पहिल्याच रात्री उशाशी लावा.