मेजावरील युद्ध आणि अदृश्य पंच

दिवाळीच्या दिवसांत बेळगावकडील मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि बुरुजाबुरुजांवर रंगीत मावळे उभे करतात. हे मावळे चार दिवस पहारा करून पुन्हा खोक्यात जातात. परंतु कोणी असे ठरविले की, मावळ्याने एका खेपेस वीतभर चालावे, घोडेस्वाराने दोन विती. बाण हातभर अंतरापर्यंत पोचावा आणि तो लागला की नाही हे फाशाने ठरावे. तर त्या शोभेच्या देखाव्यातून एक खेळ निर्माण होईल. पाश्चात्य देशांत असे खेळ फार दिवसांपासून खेळले जातात. हाताने रंगविलेल्या चिमुकल्या सैनिकांचे हे मेजावरील युद्ध आता संगणकावरही आले आहे, आणि प्रतिस्पर्धी समोरच्या खुर्चीऐवजी हजार कोसांवर बसू लागला आहे. हे स्थलांतर वरवर पाहता सोपे वाटते. मेजाच्या जागी पडदा आला आणि हाताच्या जागी बटन आले, एवढेच! पण त्यातील खरा प्रश्न निराळा आहे. या खेळात पंच कोण, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे मूळ पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. चतुरंग हा आपल्या देशातला खेळ. त्याचे बुद्धिबळ होऊन ते युरोपात रुजले आणि १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेल्विग नामक गृहस्थाने बुद्धिबळाचाच विस्तार करून १६१७ घरांचा युद्धपट तयार केला. पुढे प्रशियात राइसविट्झ या सरदाराने १८१२ साली आपल्या राजास युद्धखेळाचे एक मेजच सादर केले. त्याचा पुत्र तोफखान्यात अधिकारी होता. त्याने हा खेळ नकाशावर आणून १८२४ साली त्याचे नियम छापले. या खेळातील सर्वांत मोलाची कल्पना म्हणजे पंच. दोन्ही पक्षांचे सेनापती आपापल्या आज्ञा पंचाकडे देत. सैन्य तो हालवी, फासे तो टाकी, आणि ज्या तुकड्या शत्रूच्या दृष्टीस पडणे शक्य असे तेवढ्याच तो नकाशावर मांडी. सर्व रणांगण एकट्या पंचालाच ठाऊक असे. सेनापतींना मात्र खऱ्या युद्धातल्याप्रमाणे अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावा लागे.

हा खेळ घरात आला तेव्हा पंच बाहेर राहिला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम दिले. त्याच्या तोफा स्प्रिंगच्या जोरावर लाकडी गोळे खरोखरच फेकीत, आणि गोळ्याने जो शिपाई आडवा होई तो मेला! यास पंचाची गरज काय? १९८३ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘वॉरहॅमर’ हा खेळ तर याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. तरीही तो सामान्यतः दोघे खेळाडू आपापसांतच निभावतात. अंतर टेपने इंचांत मोजावयाचे. टेकडीमागचा धनुर्धर दिसतो की नाही, हे मेजाशी डोळे टेकवून पाहावयाचे. आणि तरीही एकमत न झाल्यास फासा टाकून वाद मिटवावयाचा. म्हणजे हा खेळ छापील नियमांइतकाच परस्परांच्या सौजन्यावर चालतो.

संगणकाला हे सौजन्य शिकविता येत नाही. ‘साधारण दिसतो, चल टाक फासा’ असे त्याला म्हणता येत नाही. दिसतो किंवा दिसत नाही, यांपैकी एकच उत्तर त्याला आधी शिकवून ठेवावे लागते. शिवाय काही नियम संगणकावर येताच निरर्थक होतात. ‘वॉरहॅमर’च्या जुन्या आवृत्त्यांत तोफ डागण्यापूर्वी अंतर नुसत्या नजरेने सांगावे लागे, टेप नंतर लावावयाची. ज्याची नजर पक्की त्याचा गोळा अचूक. पडद्यावर क्षणार्धात अंतर मोजता येते, तेथे या अदमासाला अर्थ काय उरला? (मेजावरच्या खेळानेही २०१० च्या आठव्या आवृत्तीत हा नियम सोडून दिला. माझ्या मते खेळातील एक रंगतदार कौशल्य त्याबरोबर गेले.)

हे स्थलांतर ज्याने सर्वांत चांगले सोसले असा खेळ म्हणजे ‘ब्लड बोल’. जर्विस जॉन्सन याने रचलेला हा खेळ १९८६ साली प्रसिद्ध झाला. राक्षस, वेताळ, खुजे अशा काल्पनिक जातींचे संघ चेंडू घेऊन धक्काबुक्की करीत पैलपार जाण्याचा प्रयत्न करतात. युद्धखेळाचीच ही विनोदी जात म्हणावयास हरकत नाही. तो संगणकास मानवला याचे कारण त्याच्या पटातच आहे. येथे टेप नाही. मैदान २६ घरे लांब व १५ घरे रुंद. प्रत्येक संघाचे अकरा गडी, आणि प्रत्येक सत्रात उभय पक्षांना आठ-आठ पाळ्या. गडी कोणत्या घरात आहे याविषयी वादच संभवत नाही. सायनाइड या फ्रेंच कंपनीने २००९ साली त्याची संगणकावरील आवृत्ती काढली तेव्हा पाळ्या रद्द करून सर्वांनी एकाच वेळी धावण्याचाही एक प्रकार सोबत दिला होता. परंतु या खेळाचा प्राण पाळीतच आहे. चेंडू निसटला किंवा आपलाच गडी कोसळला की पाळी तिथेच संपते. म्हणून निर्धोक कामे आधी आणि धाडसाचे काम शेवटी, असा क्रम लावण्यातच सारी बुद्धी लागते. सर्व एकदम धावू लागले की हा विचारच उरत नाही. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रकार वगळण्यात आला, हे योग्यच झाले.

तरीही अडचणी राहिल्याच. आपल्या दुबळ्या गड्याने प्रतिपक्षाच्या बलवान गड्यास धक्का दिला, तर पडलेल्या फाशांपैकी कोणता धरावा हे बलवान गड्याचा प्रशिक्षक ठरवितो. मेजावर हे नुसत्या बोटाच्या खुणेने होते. दूरच्या खेळात मात्र प्रश्न तारेवरून पलीकडे जावयाचा, तो माणूस चहा आणावयास उठला असल्यास परत यावयाचा, आणि उत्तर येईपर्यंत आपण थांबावयाचे. यासाठी घड्याळ लावावेच लागते. याउलट एक जुना नियम संगणकाने आपोआप गिळून टाकला. मेजावर पाळी सुरू करताना पाळीची सोंगटी पुढे सरकवावयास जो विसरे, त्यास प्रतिस्पर्ध्याने पकडल्यास दंड होत असे. संगणकावर ती सोंगटी स्वतःच सरकते. विसरणे अशक्य, म्हणून दंडही अशक्य.

फाशांचे काय? फासा एखाद्या खेळाडूच्या संगणकावर टाकला तर तो त्यात लबाडी करू शकेल. म्हणून दोघांपासूनही दूर असलेला सर्व्हर तो टाकतो आणि निकाल दोघांना कळवितो. राइसविट्झचा पंच येथे परत आलेला दिसतो. गंमत अशी की, ओळीने तीन वेळा एक पडला की मेजावर माणूस आपल्या नशिबाला दोष देतो, आणि संगणकावर यंत्राला! घरंगळणारा फासा डोळ्यांनी दिसतो, सर्व्हरचा दिसत नाही, याचाच हा परिणाम.

मोठ्या सैन्यांच्या खेळात दुसरी एक पद्धत आढळते. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या युद्धखेळात शेकडो सैनिकांची स्थिती तारेवरून पाठविणे परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येक संगणक संपूर्ण युद्ध स्वतःच चालवी, आणि एकमेकांकडे केवळ आज्ञा जात. दोन्हीकडे आरंभ सारखा आणि आज्ञा सारख्या, तेव्हा परिणामही सारखा. ही युक्ती सुंदर खरी, पण हिच्यात एक छिद्र आहे. शत्रूचे लपलेले सैन्यही आपल्याच यंत्रात हजर असते, फक्त पडद्यावर दाखविलेले नसते. ज्याला यंत्राच्या आतड्यांत हात घालता येतो तो ते पाहू शकतो. सर्व काही एकट्या पंचापाशी ठेवले आणि खेळाडूला दिसण्याजोगे तेवढेच त्याच्याकडे पाठविले, तरच ही चोरी बंद होते.

पण या नव्या पंचापाशी तारतम्य नाही. हरू लागलेला खेळाडू मध्येच उठून गेल्यास त्याला पराभव द्यावा, हे न्याय्यच. परंतु आमच्याकडे आषाढात वीज गेली तरीही यंत्राला दिसते ते एवढेच की तार तुटली. काही खेळ परतण्यासाठी थोडी मिनिटे देतात आणि मग निकाल लावून मोकळे होतात. समोर बसलेला प्रतिस्पर्धी असता तर त्याने मेणबत्ती शोधली असती.