भूल उतरली, स्कोलिन उतरेना

नांदेडच्या एका बाईंचं पत्र आलंय, ते मला गप्प बसू देईना. त्यांच्या काकांचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण नंतर कित्येक तास त्यांना स्वतःहून श्वास घेता येईना. व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. घरी सोडताना भूलतज्ज्ञ म्हणाले, सख्ख्या भावंडांचं रक्त तपासून घ्या. बाई विचारतात, काकांना रोग तरी कोणता?

कोणताच नाही. भूल देताना स्कोलिन हे औषध टोचलं नसतं तर काका शंभरी गाठेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

स्कोलिन मिनिटभरात स्नायू लुळे पाडतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं. ते उतरवतं यकृतात तयार होणारं, रक्तात फिरणारं एक एन्झाइम, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. टोचलेल्या औषधाचा बराचसा भाग ते स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच फोडून टाकतं. ज्यांच्यात ते नाही, त्यांच्या स्नायूंवर सगळा डोस येऊन आदळतो आणि ठाण मांडून बसतो. यावर उतारा म्हणजे श्वास देत राहणं. आणि झोपवून ठेवणं! नाही तर माणूस टक्क जागा, पण पापणीसुद्धा हलवता येत नाही.

(या औषधाचं नशीबच विचित्र. १९०६ साली हंट आणि टॅव्हो यांनी ते तपासलं, पण क्युरारे देऊन आधीच लुळ्या केलेल्या प्राण्यांवर. मग स्नायूंवरचा परिणाम दिसणार कसा? चाळीसहून अधिक वर्षं तो कुणाच्या ध्यानातच आला नाही.)

टोरांटोच्या व्हर्नर कॅलो यांनी १९५७ मध्ये या एन्झाइमचा दोष ओळखणारी एक सुरेख चाचणी काढली. डिब्युकेन हे औषध नेहमीच्या एन्झाइमचं काम सुमारे ८० टक्के रोखतं, सदोष एन्झाइमचं जेमतेम २० टक्के. युरोपीय वंशाच्या लोकांत असा सदोष नमुना साधारण तीन हजारांत एकाकडे सापडतो.

बाईंनी आपण आर्य वैश्य असल्याचं लिहिलंय, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. शतकानुशतकं समाजातच लग्नं होत आल्याने या दोषाचं प्रमाण त्यांच्यात कितीतरी पट जास्त आहे. दोषही वेगळा. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये तो दाखवून दिला: एन्झाइमच्या साखळीत ३०७व्या जागी ल्यूसिनऐवजी प्रोलीन. एवढ्याशा बदलाने एन्झाइम जवळजवळ नाहीसंच होतं. जिथे रोखायलाच काही उरलेलं नाही, तिथे कॅलोंचा आकडा काय कामाचा? साधी एन्झाइमची पातळी मोजली तरी पुरे.

दोष दोन्ही पालकांकडून आला तरच बाधतो. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर काकांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक धोका. काकांची मुलं वाहक असणारच. काकूही वाहक निघाल्या तर प्रत्येक मुलालाही दोनात एक धोका, आणि समाजातलंच लग्न असेल तर ही शक्यता उडवून लावण्यासारखी नाही. तेव्हा मुलांचंही रक्त तपासाच. घरात कुणाचंही ऑपरेशन निघालं की भूलतज्ज्ञांना काकांचा किस्सा आधी सांगा. स्कोलिन आणि मिव्हाक्युरियम ही औषधं टाळून रोक्युरोनियमवर त्यांचं काम भागतं.