हृदयाची शस्त्रक्रिया आणि उसना श्वास



आपल्या सुप्यातून हृदयाचा रोगी निघाला की तो नगरला जातो, नाही तर पुण्याला. मागे राहते ती बातमी. "ऑपरेशन झाले, व्हेंटिलेटरवर ठेवले आहे," एवढाच निरोप येतो. पण वेशीपासून घरापर्यंत पोचताना त्याचा अर्थ "आता काही खरे नाही" असा होऊन बसतो. बायका डोळ्यांना पदर लावतात, पाहुणे गाड्या करून निघतात. वास्तविक हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेला बहुतेक प्रत्येक प्रौढ रोगी काही तास त्या यंत्रावर असतोच. तो कार्यक्रमाचाच एक भाग होय. म्हणून हे यंत्र कशासाठी लावतात, श्वास किती देतात आणि यंत्र केव्हा काढतात, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

प्रथम आपला रोजचा श्वास पाहू. छातीखालचे श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडला की त्यात हवा शिरते, तसेच हे आहे. यंत्राची रीत मात्र उलटी. ते हवा आत ढकलते. सुप्याच्या डोंगरावर वारा चक्की फिरवतो. इथे यंत्र फिरून वारा निर्माण करते, असे म्हटले तरी चालेल. ओढणे आणि ढकलणे यांतला हा फरक वाटतो तितका साधा नाही. हवा ढकलली की छातीतील दाब वाढतो आणि शरीराकडून हृदयाकडे परतणारे रक्त किंचित अडते. नुकत्याच शिवलेल्या हृदयाच्या बाबतीत त्याची फार काळजी घ्यावी लागते.

मग यंत्र लावायचेच कशाला? कारण भूल देताना स्नायू सैल करण्याची औषधे देतात आणि रोग्याचा स्वतःचा श्वास थांबतो. पुढे हृदय थांबवून काम करायचे असेल, तर रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात. तेवढा वेळ फुप्फुसे रिकामी बसून राहतात आणि त्यांतील असंख्य वायुकोशांपैकी बरेच मिटून जातात. शस्त्रक्रिया संपली तरी भूल उतरायची असते, अंग गार असते, रक्तस्रावावर नजर ठेवायची असते. अशा वेळी श्वासाचे ओझे रोग्यावर न टाकता यंत्र ते उचलते.

ही विद्या जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग दाखविला. यंत्रे पुरेशी नव्हती, तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने त्या पिशव्या दाबल्या आणि कितीतरी जीव वाचले. पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बुजविले. आपल्या मुंबईतही के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदयारोपण केले. तो रोगी काही तासच जगला. पण गिबन यांच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षांच्या आत ही विद्या आपल्या दारी येऊन पोचली होती.

आता दुसरा प्रश्न, श्वास किती द्यावा? पूर्वी समजूत अशी की भरपूर हवा दिली म्हणजे फुप्फुस मोकळे राहते. वजनाच्या दर किलोमागे दहा ते बारा मिलिलिटर हवा सर्रास देत. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या रोग्यांत बारा मिलिलिटरच्या गटात सुमारे ४० टक्के मृत्यू झाले, तर सहाच्या गटात ३१ टक्के. हे रोगी हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते. तथापि अति फुगविल्याने फुप्फुस दुखावते हा धडा सर्वांनी घेतला. आज साधारणपणे सहा ते आठ मिलिलिटर देतात, आणि तेही काट्यावरील वजनाप्रमाणे न देता उंचीवरून काढलेल्या वजनाप्रमाणे. पोट सुटले म्हणून फुप्फुस वाढत नाही! १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे असे वजन साधारण ६१ किलो येते. म्हणजे एका श्वासाला सुमारे ३७० ते ४९० मिलिलिटर हवा. शिवाय उच्छ्वासाच्या शेवटी थोडासा दाब राखून ठेवतात, म्हणजे वायुकोश पुन्हा मिटत नाहीत.

सारेच प्रश्न सुटले आहेत असे मात्र नाही. हृदय थांबलेले असताना फुप्फुसांना थोडा थोडा श्वास देत राहावे काय, हा एक जुना वाद. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीड हजार रोग्यांच्या एका फ्रेंच चाचणीत त्याचा ठळक फायदा दिसला नाही.

तिसरा प्रश्न, यंत्र केव्हा काढावे? पूर्वी रोग्याला रात्रभर झोपवून ठेवीत. १९९० नंतर विचार पालटला. रोगी जागा झाला, सांगितल्याप्रमाणे हात दाबू लागला, अंग ऊबदार झाले, रक्तदाब स्थिर राहिला, रक्तस्राव आटोक्यात आला आणि स्वतःचा श्वास पुरू लागला की नळी काढतात. साध्या प्रकरणात हे पुष्कळदा सहा तासांच्या आत साधते. कारण नळी जितकी जास्त वेळ राहील, तितका न्यूमोनियाचा धोका वाढतो. उसने घेतलेले लवकर फेडावे, हा व्यवहार इथेही लागू पडतो. अर्थात ज्याचे हृदय दुबळे आहे त्याला अधिक वेळ लागेल. तेथे घाई करणे हेही चूकच.

नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून रोग्याला बोलता येत नाही. भेटीला गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. तो बोलत नाही म्हणून वाचा गेली असे समजून त्याच्यासमोर रडू नये. हात हातात घ्यावा, "सगळे ठीक झाले" असे सांगावे.

आणि शेवटी आपल्या हातातले. हॉलंडमधील उट्रेख्त येथील २७९ रोग्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बायपासपूर्वी निदान दोन आठवडे रोज वीस मिनिटे श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केलेल्या जोखमीच्या रोग्यांत फुप्फुसांच्या तक्रारी १८ टक्के आढळल्या. न केलेल्यांत ३५ टक्के. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की त्या दिवसापासून बिडी, तंबाखू, मिश्री सोडावी, श्वासाचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावा, आणि नंतर छातीशी उशी धरून खोकायला कंटाळू नये.

यापुढे असा निरोप आपल्या गावात आला, तर रडण्याआधी एवढेच विचारू या: "यंत्रावर किती तास झाले, आणि स्वतःचा श्वास घेऊ लागला का?" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर आनंदाने देतील, आणि आपलाही जीव थोडा थाऱ्यावर येईल.