ट्रॅम्पल म्हणजे काय?

माझे ३ लाइफ उरले होते. नातवाचा ५ ताकदीचा प्राणी चालून आला. मी २ सहनशक्तीचा प्राणी आडवा घातला आणि निर्धास्त बसलो. तरी हरलो!

१९९३ साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाकडे सुरुवातीला २० लाइफ असतात. प्राण्याला अडवले, की त्याचा मार एरवी अडवणाऱ्यावरच संपतो. पत्त्यावर ‘ट्रॅम्पल’ असेल, तर मात्र अडवणाऱ्याला मारण्यापुरते २ तिथे खर्ची टाकून शिल्लक ३ खेळाडूच्या नावे पडतात. बँकेत हयात गेली, तरी ही वजाबाकी मला सुचली नाही!

दोन प्राणी आडवे घालून सहनशक्ती ५ भरली असती, तर वाचलो असतो. पण सोबत ‘डेथटच’ असले, तर प्रत्येकाला मारायला १ च पुरतो. म्हणजे पुन्हा ३ माझ्याच माथी.