खानदेशातील बेसॉल्टचा उगम : समस्थानिकांचा पुरावा

धुळे व जळगाव जिल्ह्यांतील काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन ज्वालामुखी उद्रेकांतील बेसॉल्ट होय. ज्या प्रावरणातून त्याचा शिलारस निर्माण झाला, ते प्रत्यक्ष हाती लागत नाही. म्हणून समस्थानिकांचा आधार घेतला जातो.

खडक अंशतः वितळताना मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण बदलते. मात्र स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ ही एकाच मूलद्रव्याची रूपे असल्याने त्यांचे गुणोत्तर जवळजवळ तेच राहते. त्यामुळे बेसॉल्टमध्ये मूळ स्रोताची खूण टिकते.

तथापि, वर येताना शिलारसात कवचातील जुना ग्रॅनाइट मिसळल्यास हे गुणोत्तर वाढते. कारण ग्रॅनाइटमधील रुबिडियम-८७ च्या क्षयातून दीर्घकाळ स्ट्रॉन्शियम-८७ तयार होत असते. सह्याद्रीतील आंबेनळी शैलसमूहात हे गुणोत्तर सुमारे ०.७०४, तर बुशे शैलसमूहात ०.७१२ हून अधिक आढळते. साहजिकच प्रावरणाचे अनुमान आंबेनळीसारख्या, कमी मिश्रण झालेल्या बेसॉल्टवरून करणे युक्त ठरते.

धुळे-नंदुरबार परिसरात भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती, म्हणजेच डाइक, मोठ्या संख्येने आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावावी लागते. स्ट्रॉन्शियमच्या जोडीला निओडिमियमचे गुणोत्तर तपासले आणि नमुना न झिजलेला घेतला, तरच स्रोत व मिश्रण यांचा भेद स्पष्ट होतो. केवळ एका आकड्यावरून प्रावरणाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.