प्रबंध की पेपर? आधी ओहोट्या मोजू या

समजा, बी.एस्सी. झालेली देवबागची एक विद्यार्थिनी आपल्या जुन्या शाळेत येते आणि विचारते, "बाई, एम.एस्सी.ला संशोधन घेऊ की नुसते पेपर देऊ?" घरातली ती पहिलीच पदवीधर. विद्यापीठात ओळखीचे कोणी नाही, म्हणून प्रश्न शाळेतल्या बाईंकडे येतो. "हुशार आहेस, संशोधन घे," असे आपण सहज सांगून टाकतो. पण चुकीच्या निवडीत तिचे एक वर्ष जाऊ शकते. म्हणून जरा नीट विचार करू या.

हे दोन मार्ग जुनेच आहेत. मुंबई विद्यापीठात पूर्वी एम.एस्सी. पेपर देऊन किंवा संशोधन करून मिळवता येई. कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) यांनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवला, दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी घेतली. पुढे केंब्रिजला पीएच.डी.साठी त्यांनी दिलेला प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. संशोधनाचे मोल पानांवर ठरत नाही. प्रश्न किती नेमका आहे यावर ठरते.

आज स्थिती कशी आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी तीन वाटा आहेत : फक्त अभ्यासक्रम, अभ्यासक्रम आणि संशोधन, किंवा फक्त संशोधन. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या आखणीत ८८ श्रेयांकांपैकी १० संशोधन प्रकल्पाला आहेत. कृषी शिक्षणाच्या २०२१ च्या राष्ट्रीय आराखड्यात मात्र ७० पैकी ३० श्रेयांक प्रबंधाचे. म्हणजे 'संशोधन' हा शब्द एकच असला तरी त्याचे वजन जागोजागी वेगळे. प्रवेश घ्यायच्या विभागात ते किती आहे, हे आधी विचारून घ्यावे.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. तिला कर्ली खाडीतल्या तिसऱ्यांवर काम करायचे आहे. तिसऱ्या ओहोटीलाच हाती लागतात, आणि मोठी ओहोटी लागते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. म्हणजे साधारण पंधरा दिवसांतून एकदा, तीन-चार दिवस. पावसाळ्यात खाडीला पूर असतो, पाणी गढूळ असते. तेव्हा काम जवळजवळ बंदच. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने धरले तर उधाणे मिळतात बारा. त्यांतली एक-दोन परीक्षेत जाणार, एखादी आजारपणात. हाती उरल्या नऊ-दहा खेपा.

या नऊ-दहा खेपांत काय बसते? 'तिसरी वर्षभरात किती वाढते?' हा प्रश्न चांगला आहे, पण तो बसत नाही. त्याला पावसाळाही पाहावा लागेल. 'खाडीच्या मुखाशी आणि आत दोन किलोमीटरवर मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या आकारात फरक आहे का?' हा मात्र बसतो. त्याऐवजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवरचे जीव गोळा करायचे ठरवले, तर तो भाग १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगीला लागणारे दिवसही हिशेबात धरावे लागतात.

प्रश्न ठरला की विषयांची निवड सोपी होते. आकारांची तुलना करायची तर संख्याशास्त्र हवे. खारेपणा मोजायचा तर जलरसायन. तिसऱ्या ओळखायच्या तर मृदुकाय प्राण्यांचे वर्गीकरण. 'सोपा पेपर' म्हणून घेतलेला विषय अशा वेळी उपयोगी पडत नाही.

आणि असा प्रश्नच सुचत नसेल तर? मग पेपरांचा मार्ग कमीपणाचा नाही. ज्याला शिकवायचे आहे किंवा तपासणी प्रयोगशाळेत काम करायचे आहे, त्याला चार विषय अधिक पक्के झालेले बरे. शिवाय पुढचे दार बंद होत नाही. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुणांची अट आहे (राखीव गटांना ५ टक्के सवलत). ती पदवी प्रबंध लिहूनच मिळवलेली असावी, अशी अट नाही.

तेव्हा असा विद्यार्थी आपल्याकडे आला तर त्याच्यापुढे कोरा कागद आणि पंचांग ठेवावे. कागदावर त्याने आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. पंचांगात प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेवर खूण करावी, पावसाळ्यातल्या आणि परीक्षेच्या काळातल्या खुणा खोडाव्यात आणि उरलेल्या मोजाव्यात. विषय डोंगरातला किंवा शेतातला असेल तर उधाणाच्या जागी फुलोरा किंवा पेरणी येईल, एवढाच फरक. खुणा पुरेशा असतील तर त्याने प्रबंध घ्यावा. नसतील तर प्रश्न लहान करावा, आणि प्रश्नच लिहिता येत नसेल तर निर्धास्तपणे पेपर द्यावेत. किनाऱ्यावरच्या मुलांना होडी कधी लोटायची हे शिकवावे लागत नाही. तोच हिशेब इथेही करायचा आहे, एवढे आपण त्यांच्या लक्षात आणून द्यावे.